घाटावरचा पाणबुड्या

बुलडाणा जिल्ह्याचे दोन भाग: घाटावरचा आणि घाटाखालचा. समुद्र दोन्हीकडे नाही. घाटाखाली पूर्णेच्या काठानं खारपाणपट्टा आहे, तिथं विहीर खणली तरी खारं पाणी लागतं. घाटावर लोणारला उल्का आदळून झालेलं सरोवर आहे, त्याचंही पाणी खारं. म्हणजे खारं पाणी देवानं दोघांनाही वाटून दिलं, लाटा तेवढ्या द्यायच्या राहिल्या. पण जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, चहाच्या टपरीवर एक गृहस्थ हमखास भेटतील. समुद्रात दहा मीटर खाली गेल्यावर कानाच्या पडद्यावर किती दाब येतो, हे ते बशीत चहा ओतता ओतता सांगतील. त्यांनी स्वतः समुद्र एकदाच पाहिलेला असतो. मंत्रालयातलं काम आटोपलं होतं, गाडीला वेळ होता, म्हणून. तेव्हाही नेमकी ओहोटी होती.

हे गृहस्थ म्हणजे सहल आखणारे. सहलीला जाणारे वेगळे, सहल काढणारे वेगळे आणि आखणारे वेगळे. जाणारा बॅग भरतो, काढणारा वर्गणी गोळा करतो. आखणाऱ्याला या दोन्ही गोष्टी किरकोळ वाटतात. त्याच्या मते घराबाहेर पाऊल टाकणं हा सहलीचा शेवटचा टप्पा, आणि शेवटच्या टप्प्याची घाई करणारा माणूस उथळ.

आमच्या बुलडाण्यातल्या नमुन्याला सगळे भाऊसाहेब म्हणतात. त्यांची उभी नोकरी पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून गेली. जे पाणी अजून यायचं आहे त्याचे कालवे, पोटकालवे आणि चाऱ्या त्यांनी ट्रेसिंग कागदावर काढल्या. अशी तीस वर्षं काढली की माणसाचं मन एका विशिष्ट बाजूला कलतं. रेघ ओढली की अर्धं पाणी आलंच, असं त्याला वाटायला लागतं. त्यात त्यांचा दोष नाही. खामगाव-जालना रेल्वेची मागणी इंग्रजांच्या काळापासून चालू असलेला हा जिल्हा. वैनगंगेचं पाणी सुमारे ४२६ किलोमीटरच्या कालव्यानं आमच्या नळगंगेत आणायच्या प्रकल्पाला २०२४ साली मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली, तेव्हा इथल्या लोकांनी फटाके वाजवावेत की नातवाला सांगून ठेवावं, याचा विचार केला. जिथं वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं पाणी नकाशावरून चालत येतं, तिथल्या माणसाला अंदमानातलं हॅवलॉक बेट काय लांब!

हॅवलॉकचा बेत ठरला तो ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ पाहून. तो सिनेमा २०११ साली आला. पाण्याला घाबरणारा हृतिक रोशन समुद्राखाली जातो आणि वर येऊन बदलून जातो, हे पाहून देशभरच्या मध्यमवर्गाला आपणही एकदा बुडून पाहावं असं वाटलं. कोणी गोव्याला पळालं, कोणी मालवणला. भाऊसाहेबांनी दुसऱ्या दिवशी स्टेशनरीच्या दुकानातून बॉक्स फाइल आणली आणि पाठीवर सुबक अक्षरात लिहिलं: ‘अंदमान (स्कुबा) – प्राथमिक’.

ती फाइल आता जाडीनं ज्ञानेश्वरीच्या जवळपास गेली आहे. आत अंदाजपत्रक आहे. त्यात प्रवास, निवास, भोजन, आकस्मिक, संकीर्ण अशी लेखाशीर्षं आहेत आणि शेवटी पाच टक्के भाववाढ. विमानाचं भाडं वाढलं की अंदाजपत्रक जुनं होतं, मग भाऊसाहेब ‘सुधारित प्रशासकीय मान्यता’ घेतात. खात्यात तिला सुप्रमा म्हणतात. धरणाला दोन-तीन सुप्रमा झाल्या की वर्तमानपत्रं ओरडतात. या सहलीला किती झाल्या ते विचारण्याची आमच्यात कोणाची छाती नाही.

पण खरी गंमत गावांच्या नावांची झाली. फाइल उघडली तेव्हा हॅवलॉक हे हॅवलॉक होतं. डिसेंबर २०१८ मध्ये ते स्वराज द्वीप झालं, शेजारचं नील शहीद द्वीप झालं. भाऊसाहेबांनी लाल शाईनं दुरुस्ती केली. विमान औरंगाबादहून धरायचा पर्याय होता, ते २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. पुन्हा लाल शाई. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचंही श्री विजयपुरम झालं. त्या संध्याकाळी भाऊसाहेब जयस्तंभ चौकात भेटले ते चिडून. म्हणाले, “नियोजनाला जरा वेळ लागला, तर सरकारनं मुक्कामाचं ठिकाणच बदलून टाकावं?”

सुरुवातीच्या बैठका कचोरीवर झाल्या. कचोरी शेगावची, शेगावहून येणाऱ्या माणसानं हात हलवत येऊ नये असा आमच्या गटाचा नियम आहे. गटात एक कृषी केंद्रवाला, एक जिल्हा परिषदेचे गुरुजी, एक मेडिकलवाला, पतसंस्थेतला एक कॅशियर आणि घाटाखालून, मलकापुरातून येणारा एक ठेकेदार. भाऊसाहेब खडू घेऊन उभे राहिले.

“पहिली गोष्ट. पाठीवर जे नळकांडं असतं त्यात ऑक्सिजन नसतो. साधी हवा असते, दाबून भरलेली.”

“मंग ऑक्सिजन कायले म्हंतात लोक?” ठेकेदारानं विचारलं.

“लोक काहीही म्हणतात,” भाऊसाहेब म्हणाले. या वाक्यावर त्यांचा चेहरा उजळतो. दुसऱ्याचं चुकीचं ज्ञान दुरुस्त करण्यासारखा आनंद त्यांना कशातच मिळत नाही. पुढच्या महिन्यात ते कोणाच्याही तोंडी ‘ऑक्सिजन सिलिंडर’ आला की मागून येऊन थांबवत असत. एका शोकसभेतही त्यांनी थांबवलं.

मग पोहण्याचा प्रश्न निघाला. ट्राय डाइव्हला पोहता यावं लागत नाही, प्रशिक्षक धरून नेतो, साधारण बारा मीटरच्या पुढं नेत नाही, हे भाऊसाहेबांनी समजावलं. पण गुरुजींचा विश्वास बसेना. त्यांचं पोहणं मेहकरकडच्या शेतातल्या विहिरीत झालेलं. तेव्हा वडील पाठीला रिकामा डबा बांधून पोराला वरून ढकलत. “आमचा डबा रिकामा असे म्हणून आम्ही तरंगलो,” गुरुजी म्हणाले. “हे लोक भरलेला डबा बांधतात, वर कमरेला शिशाची वजनं लावतात, आणि पैसेही आपणच द्यायचे?” विहीर पोहलेल्या पिढीला स्कुबा पटवणं किती अवघड आहे, हे त्या दिवशी कळलं.

खुणांची तालीम त्याहून अवघड निघाली. पाण्याखाली बोलता येत नाही, सगळं हातानं. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे ‘ठीक आहे’. अंगठा वर म्हणजे ‘वर चला’. आता आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला अंगठा वर. बदली झाली, अंगठा. नातू झाला, अंगठा. भाऊसाहेबांनी खुर्चीत बसवून, तोंडात पेन धरायला लावून एकेकाला विचारलं, “कसं वाटतं?” पाचही जणांनी आनंदानं अंगठा वर केला. “संपलं,” भाऊसाहेब म्हणाले. “पाचही जण वर आले. पाच जणांचे पैसे पाण्यात गेले, माणसं मात्र बाहेर.”

कॅशियरची अडचण निराळी होती. ती त्यानं बैठक संपल्यावर बाजूला घेऊन सांगितली. रेग्युलेटर दातांत धरायचा तर तंबाखू कुठं ठेवायचा?

वैद्यकीय अर्जानं उरलीसुरली हवा काढली. डाइव्हच्या आधी एक प्रश्नावली भरावी लागते. दमा आहे का, हृदयाचं काही आहे का, कानाची शस्त्रक्रिया झाली का, रक्तदाबाची गोळी चालू आहे का. भाऊसाहेब प्रश्न वाचत गेले आणि सगळे छातीठोकपणे ‘नाही, नाही’ म्हणत गेले. मेडिकलवाला तेवढा गप्प होता. गटातल्या कोणाला कोणती गोळी दरमहा जाते हे त्याला पाठ. धंद्याचा धर्म म्हणून तो काही बोलला नाही. पण प्रत्येक ‘नाही’ला त्यानं छताकडे पाहून जो सुस्कारा सोडला, त्यावरून भाऊसाहेबांनी अर्जावर पेन्सिलनं खुणा केल्या.

नियोजकाचा स्वभाव असा की जी अडचण अजून दारात आली नाही, तिला तो बोलावून आणतो. डाइव्ह झाल्यावर निदान अठरा ते चोवीस तास विमानात बसायचं नाही, हे त्यांनी कुठंतरी वाचलं. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडला पाहिजे. लगेच हवा विरळ झाली तर त्याचे बुडबुडे होतात. इथवर ठीक होतं. पण पुढं लिहिलं होतं की याच कारणानं लगेच उंच डोंगरही चढू नये. बुलडाणा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच. भाऊसाहेब मध्यरात्री उठून बसले. परतताना मलकापूरला उतरल्यावर राजूर घाट चढायचा आहे! तोवर प्रवासातच दोनेक दिवस जातात, हे वहिनींनी अंथरुणातूनच सांगितलं. तरी फाइलमध्ये ‘परतीला मलकापूर मुक्काम (वैकल्पिक)’ अशी नोंद झाली, आणि मलकापूरच्या ठेकेदाराला न विचारता त्याच्या घरी पाच गाद्या धरल्या गेल्या.

त्यांच्या मातोश्री तेव्हा हयात होत्या. त्यांना अंदमान म्हटलं की एकच गोष्ट कळे. “काळ्या पान्यावर कायले जातं रे बापा? असा कोन्ता गुन्हा केला तुनं?” सावरकरांना १९११ साली तिथं नेलं, दहा वर्षं सेल्युलर जेलमध्ये ठेवलं, आता ते राष्ट्रीय स्मारक आहे, लोक डोकं टेकवायला जातात, असं भाऊसाहेबांनी समजावलं. म्हातारी ऐकून घेऊन म्हणाली, “त्याहिले सरकारनं नेलं होतं. तुले कोन नेते?” नियोजनातल्या नेमक्या उणिवेवर त्यांच्याइतकं अचूक बोट कोणी ठेवलं नाही.

आता कोणी म्हणेल, इतकं सगळं आखलं तर मग जायला काय झालं? तारीख. अंदमानात समुद्र शांत आणि पाणी नितळ असतं ते ऑक्टोबर ते मे. चांगले आठ महिने. भाऊसाहेबांनी ते आठही महिने आमच्यापुढं ताटासारखे मांडले आणि आम्ही एकेक उचलून बाजूला ठेवला.

ऑक्टोबरात सोयाबीन. सोंगणी, मळणी, भाव पडल्याचं दुःख, ही तिन्ही कामं घरच्या माणसानंच करायची असतात. मग दिवाळी. नोव्हेंबरात कापसाची वेचणी आणि वेचायला बाया मिळवणं. डिसेंबरात शाळांची स्नेहसंमेलनं, गुरुजी अडकले. जानेवारीत बारा तारखेला सिंदखेडराजाला जिजाऊ जन्मोत्सव. तो सोडून जिल्ह्याबाहेर गेलेल्या माणसाला परत आल्यावर कारण सांगता येत नाही. फेब्रुवारीच्या आसपास गजानन महाराजांचा प्रकटदिन, आणि आमचा ठेकेदार शेगावला सेवेकरी. मार्च म्हणजे मार्च एंड. त्या महिन्यात कॅशियर घरच्यांनाही ओळखत नाही. एप्रिल-मेमध्ये लग्नं. लग्नाला न गेलेल्या माणसाच्या घरच्या लग्नाला कोणी येत नाही, आणि गटात तिघांच्या पोरी उपवर. अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी. दुसऱ्या दिवशी पहाटे तिथलं भाकीत निघतं आणि पाऊस किती, पीक कोणतं, यावर कृषी केंद्रवाल्याचा बियाण्याचा सगळा धंदा. तो म्हणे, भेंडवळ कळल्याशिवाय मी गावची वेस ओलांडणार नाही. भेंडवळ कळलं की जून. जूनमध्ये आम्ही मोकळे, समुद्र खवळलेला.

कोरडवाहू मुलुखात बेत हा असाच करावा लागतो. जो माणूस दर मृगाला न आलेल्या पावसाच्या भरवशावर बियाणं विकत आणतो, त्याला बेत आणि घटना यांच्यामधल्या अंतराची भीती उरत नाही. सहल पुढं ढकलली गेली म्हणून भाऊसाहेब कधी खट्टू झाले नाहीत. दुबार पेरणीला लागावं तसे ते नव्या वर्षाच्या तक्त्याला लागत. व्हॉट्सअॅप गटाच्या नावातला फक्त आकडा बदले. २०२० साली तर अख्ख्या जगाच्या सहली रद्द झाल्या. त्या वर्षी भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर एक समाधान होतं. इतकी वर्षं मागं राहिलेल्या माणसाला सगळी शर्यत येऊन मिळाली होती.

त्याच वर्षी जूनमध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं झालं, असं शास्त्रज्ञांनी सांगितलं. ठेकेदारानं गटावर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, “भाऊसाहेब, समुद्र जवळ आला. मारायची का बुडी?” भाऊसाहेबांनी त्याला सविस्तर उत्तर दिलं: पाणी तीव्र अल्कधर्मी आहे, परिसर अभयारण्य आहे, आणि बुडी मारायला प्रशिक्षित माणूस नाही. विनोद कळला नाही असं नाही. पण स्थळ म्हणून विचारात घेतलं गेलं, म्हणजे त्याचा अहवाल व्हायलाच पाहिजे.

मध्यंतरी गटात बंडही झालं. गुरुजी म्हणाले, अंदमान राहू द्या, तारकर्लीला जाऊ. तिथं एमटीडीसीची स्कुबा शिकवणारी संस्था आहे, मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ बुडी मारतात, महाराजांचं दर्शनही होईल. माणसं, पैसा, भाषा, सगळं सोयीचं. भाऊसाहेब दुखावले. तारकर्लीत काही खोट आहे म्हणून नव्हे. तारकर्लीला माणूस शुक्रवारी रात्री निघून जाऊ शकतो. तिथं आखायला काय उरतं?

या फाइलचा उपयोग झाला नाही असं मात्र कोणी म्हणू नये. चिखलीचं एक जोडपं तिची झेरॉक्स घेऊन गेलं आणि जाऊन आलं. मेहकरचे दोघे भाऊ गेले. देऊळगावराजाचं एक नवं लग्न झालेलं जोडपं तर फाइल बरोबर घेऊनच फिरलं. परत आल्यावर सगळे पेढे घेऊन भाऊसाहेबांकडे येतात, आणि तिथं त्यांची तोंडी परीक्षा होते.

“राधानगर किनाऱ्याला किती वाजता पोचलात?”

“साडेपाचला.”

“मग काय पाहिलं? तिथं सूर्य आपल्या घड्याळानं पाचच्या सुमाराला बुडतो. पान क्रमांक चाळीसवर लिहिलं होतं.”

जाऊन आलेला माणूस ओशाळतो. न गेलेला त्याला धीर देतो, की पुढच्या वेळी लक्षात ठेवा.

शेवटी गेल्या त्या वहिनी. वहिनी पोस्टात आहेत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला रजा प्रवास सवलतीत अंदमानला विमानानं जाता येतं, हुद्दा मोठा नसला तरी. हा नियम भाऊसाहेबांच्या फाइलमध्ये नव्हता, वहिनींच्या टेबलावरच्या परिपत्रकात होता. भाऊसाहेबांचं म्हणणं होतं की मंगळवारी रात्री तिकीट स्वस्त होतं, थांबू. वहिनींनी बुधवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, सरकारमान्य एजंटाकडून तीन तिकिटं काढली. मलकापूरहून हावडा रेल्वेनं, कोलकात्याहून विमान. ऐन वेळी परतीच्या पावसानं सोंगणी लांबली, आणि ज्या आठवड्यात निघायचं त्याच आठवड्यात मजूर मिळाले. भाऊसाहेबांनी आपलं तिकीट रद्द केलं आणि वहिनींच्या हातात चार पानी सूचनापत्र ठेवलं. वहिनी मुलीला घेऊन गेल्या.

त्या आठवड्यात भाऊसाहेब फोनवरून सहल चालवत होते. दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाल्या, आता बेटावर जातोय, रेंज नसेल. भाऊसाहेब म्हणाले, असं कसं? चेन्नईहून समुद्राखालून सुमारे २३०० किलोमीटरची केबल २०२० मध्येच टाकून झाली आहे, ती स्वराज द्वीपलाही जोडली आहे. वहिनी क्षणभर थांबून म्हणाल्या, “हो, पण आम्ही केबलच्याही खाली चाललोय.” आणि फोन बंद.

क्लाउनफिश नावाच्या नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशाच्या घरात कर्ती मादी नाहीशी झाली की नर स्वतः मादी होऊन तिची जागा घेतो, असं फाइलच्या परिशिष्टात लिहिलं आहे. त्या आठवड्यात सोंगणीच्या मजुरांचा स्वयंपाक भाऊसाहेबांनी केला.

वहिनी परत आल्या त्या संध्याकाळी आम्ही सगळे हजर होतो. कचोरी होती, फाइल होती, भाऊसाहेब पेन उघडून बसले होते. किती मीटर गेलीस? विचारलं नाही. कान कधी मोकळे केलेस? दुखले तेव्हा. पाण्याचं तापमान? गार नव्हतं. प्रवाळ कोणत्या जातीचं? सुंदर होतं. भाऊसाहेबांच्या तक्त्यातले रकाने रिकामे राहत चालले, तसा त्यांचा आवाज चढत चालला.

“अगं, मग अर्धा तास खाली करत काय होतीस?”

वहिनींनी कचोरीचा तुकडा मोडला. म्हणाल्या, “खरं सांगू? बावीस वर्षं झाली लग्नाला. पहिल्यांदाच अर्धा तास मला कोणी काही समजावून सांगितलं नाही. खूप बरं वाटलं.”

आम्ही सगळ्यांनी एकदम अंगठा वर केला. या वेळी भाऊसाहेबांनी चूक काढली नाही. ते लिहीत होते. नंतर फाइल हातोहात फिरली तेव्हा आम्ही ती नोंद वाचली. प्रत्यक्ष अनुभव या रकान्यात काही नव्हतं. त्यापुढच्या शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईनं लिहिलं होतं: ‘पाण्याखाली सूचना देण्याची सोय नाही. लक्षद्वीपच्या प्रस्तावात विचार व्हावा.’